सेमाडोहच्या जंगलात आखूड लेन्स

परतवाडा सोडलं, घटांगची वळणं मागं पडली, की धारणीच्या रस्त्यावर सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतं आणि सिपना नदीकाठचं मेळघाटातलं सेमाडोह लागतं. सुट्टीच्या दिवशी पहाटे इथं सफारीच्या जिप्सी उभ्या असतात. जवळपास प्रत्येक गाडीत एक तरी लांबलचक लेन्स दिसते. कुणाची ४०० मिलिमीटरची, कुणाची ६०० ची. काही जण तिला कौतुकानं ‘तोफ’ म्हणतात. काही तासांनी गाड्या परत आल्या की थांबलेल्यांचा एकच प्रश्न असतो, ‘दिसला काय?’ आणि बहुतेक वेळा तोफवाल्याची मान आडवी हलते.

दोष नशिबाचा नाही, भूगोलाचा आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली जी पहिली नऊ जंगलं निवडली गेली, त्यांत मेळघाट होता. गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या घरात जातं. वाघ आहेतच. पण सातपुड्यातली ही गाविलगडची रांग म्हणजे डोंगरामागे डोंगर, मध्ये खोल दऱ्या, उतारांवर साग आणि बांबू. ताडोब्यात उन्हाळ्यात तळ्याकाठी वाघ बसलेला सापडतो, तशी सोय इथं होत नाही. इथला वाघ एका दरीतून दुसऱ्या दरीत जातो आणि रस्त्यावर पंजाचा ठसा तेवढा ठेवतो. अशा ठिकाणी ६०० मिलिमीटरच्या लेन्सला दिवसभर काम नसतं. हौशी छायाचित्रकाराला मेळघाटात भरभरून देणारी लेन्स वेगळीच आहे, आणि ती बहुतेकांच्या बॅगेत तळाशी पडून असते.

ती म्हणजे वाइड अँगल.

लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितका तिच्यात मावणारा मुलूख मोठा. जुन्या फिल्मच्या मापाच्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटर सेन्सरच्या ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्याला ५० ची लेन्स लावली तर फ्रेमच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साधारण ४७ अंशांचा कोन टिपला जातो. २४ लावली तर ८४ अंश, २० ला ९४ आणि १४ ला ११४. साधारण ३५ पासून खाली वाइड म्हणायची पद्धत आहे. पण खरी गंमत २४ च्या खाली सुरू होते. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल फ्रेमहून लहान असतो, त्यामुळे त्यांच्या लेन्सवरच्या आकड्याला दीडनं गुणायचं. कॅमेऱ्याबरोबर फुकटात आल्यासारखी वाटणारी १८-५५ ची किट लेन्स १८ वर ठेवली की ती २७ चं काम करते. म्हणजे वाइड लेन्स घरात आधीच असते. आणि हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये कॅमेरा उघडला की ०.५ किंवा ०.६ असं बटण दिसतं. ती तर साधारण १३ ते १६ मिलिमीटरच्या तोडीची लेन्स, एकेकाळी तेवढ्या वाइडसाठी लोक महिन्यांचा पगार घालवत.

तरीही ही लेन्स बॅगेत मागं पडते, कारण तिचा पहिला फोटो हमखास फसतो. चिखलदऱ्याच्या एखाद्या पॉइंटवर माणूस उभा राहतो. समोर दरी, पलीकडे निळे होत गेलेले डोंगर, वर ढग. सगळं बसावं म्हणून तो वाइड लावतो, आणि घरी येऊन पाहतो तर अर्ध्या फोटोत आकाश, खाली राखाडी गवत, आणि ज्यासाठी घाट चढलो ते डोंगर मधल्या चिंचोळ्या पट्टीत चेपलेले. लेन्सनं तिचं काम चोख केलेलं असतं. जास्त मावायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट लहान व्हायचीच.

मग उपाय काय? सिपनाचं पात्र त्यासाठी चांगली शाळा आहे. पावसाळ्यानंतर पाणी उतरतं तेव्हा काळे बेसाल्टचे दगड उघडे पडतात. समजा, हातभर नाही, जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा एक दगड आहे. कॅमेरा खाली, पाण्याच्या जवळ नेऊन दगडापासून ६० सेंटिमीटरवर धरला आणि लेन्स २० ची असली, तर सेन्सरवर त्या दगडाची उंची सुमारे १० मिलिमीटर येते. फ्रेमची एकूण उंची २४, म्हणजे दगडानं चाळीस टक्के जागा घेतली. मागे तीन किलोमीटरवर ३०० मीटर उंचीचा डोंगर असेल, तर त्याच फोटोत त्याची उंची येते अवघी २ मिलिमीटर. म्हणजे ३० सेंटिमीटरचा दगड ३०० मीटरच्या डोंगराच्या पाचपट मोठा! वाइड लेन्सचा सगळा खेळ या हिशेबात आहे. जवळ गेलं की जवळचं फार मोठं दिसतं, लांबचं फार लहान. म्हणून आधी जवळचं काही तरी निवडायचं, त्याच्यापाशी बसायचं, आणि मग डोंगर कुठं ठेवायचा ते ठरवायचं. नवशिका उलट करतो. तो डोंगराकडे पाहत उभा राहतो आणि पायाजवळ काय आहे ते विसरतो.

दगडही स्पष्ट आणि डोंगरही स्पष्ट, हे कसं जमतं? इथं आखूड लेन्स फार दयाळू आहे. २० ची लेन्स एफ ११ वर ठेवून फोकस साधारण सव्वा मीटरवर लावला, तर सुमारे ६० सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं धारदार येतं. एकदा फोकस लावला की तो हलवायचंही कारण नाही. ५० च्या लेन्सला हीच गोष्ट करायची तर जवळची हद्द चार मीटरच्या आसपास जाते. पहाटेच्या थंडीत, ओल्या दगडावर पाय सांभाळत असताना फोकसची चिंता कमी असणं ही मोठी सोय आहे.

एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. वाइड लेन्स दृश्य ‘वाकवते’, जवळचं मोठं आणि लांबचं छोटं करते, असं म्हटलं जातं. खरं तर त्या दोन वस्तूंचं आपसातलं प्रमाण लेन्स ठरवत नाही; आपण कुठं उभे आहोत ते ठरवतं. त्याच जागेवरून ५० च्या लेन्सनं फोटो काढला तरी दगड आणि डोंगर यांचं गुणोत्तर तेच राहील, फक्त दोन्ही मोठे होतील आणि दगड फ्रेमबाहेर सांडेल. वाइड लेन्स आपल्याला जवळ जायची मुभा देते, आणि जवळ गेल्यामुळे प्रमाण बदलतं. हे एकदा ध्यानात आलं की माणूस लेन्स बदलण्याआधी पाय हलवायला लागतो.

कोपऱ्यांचं मात्र खरंच बिघडतं. २० च्या लेन्समध्ये अगदी कोपऱ्यात आलेली गोल वस्तू जवळपास दीडपट ताणली जाते. लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे बसावेत म्हणून फोटोग्राफरनं वाइड लावली, की कडेला बसलेल्या काकांचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबोळकं होतं, ते यामुळेच. चूक काकांची नसते. माणसं मध्याच्या आसपास ठेवावीत, कडेला झाडं, भिंती, आकाश यावं. त्यांची कुणी तक्रार करत नाही.

माणसांचा विषय निघालाच आहे तर कोरकू गावांबद्दल. मेळघाटातल्या कोरकूंच्या जुन्या गावांची मांडणी छायाचित्रकाराला मोहात पाडणारी असते. मधोमध रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड करून घरांच्या सरळ ओळी, बांबूच्या तट्ट्यांना माती लिंपलेल्या भिंती. रस्त्याच्या टोकाला उभं राहून २४ ची लेन्स लावली की दोन्ही ओळी दूर एका बिंदूकडे धावत जातात. होळीत तर गावाचा रंगच वेगळा. कोरकूंचा हा वर्षातला मोठा सण, आणि नाच-ढोल दिवसच्या दिवस चालतात. पण इथं आखूड लेन्सचा एक नियम आपोआप लागू होतो. ६०० ची लेन्स लावून पन्नास मीटरवरून कुणाचा चेहरा चोरून घेता येतो. २० च्या लेन्सला माणूस फ्रेममध्ये ठसठशीत हवा असेल तर हात पुढं केला की लागेल इतकं जवळ जावं लागतं. तिथं विचारल्याशिवाय चालत नाही. आधी राम राम, मग दोन शब्द, मग परवानगी, आणि ‘नको’ म्हटलं तर कॅमेरा खाली. वाइड लेन्सनं काढलेल्या चांगल्या पोर्ट्रेटमध्ये समोरच्याच्या चेहऱ्यावर जी सहजता दिसते ती याच बोलण्यातून येते.

उंच गोष्टी हा या लेन्सचा दुसरा मोठा प्रांत. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकातला, वर कोरीव सज्जे आणि शिलालेख. त्याच्यासमोर मागं सरकायला फारशी जागा नाही, म्हणून वाइड लावायची. आणि दरवाजाचा माथा यावा म्हणून कॅमेरा जरा वर उचलायचा. लगेच दोन्ही बाजूंच्या भिंती माथ्याकडे झुकतात, जणू दरवाजा मागं कोसळतोय. गाविलगड किल्ल्यावरही तेच. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. कॅमेरा काटकोनात सरळ धरायचा, खालची जादा जमीन येऊ द्यायची आणि ती नंतर कापून टाकायची. किंवा समोरच्या उंचवट्यावर चढून दरवाजाच्या मध्यावर नजर येईल अशी जागा शोधायची. फोटो दुरुस्त करणाऱ्या ॲपमध्ये भिंती उभ्या करता येतात, पण तेव्हा कडा कापल्या जातात. म्हणून चौकटीत आधीच थोडी मोकळी जागा ठेवलेली बरी.

सागाच्या बाबतीत मात्र झुकणं हाच फायदा. झाडाच्या बुंध्याशी उताणं पडून कॅमेरा सरळ आकाशाकडे रोखला की चारी बाजूंचे बुंधे मधल्या एका बिंदूकडे धावतात. सप्टेंबरात वर मोठमोठ्या पानांचं छत दिसतं. एप्रिलमध्ये त्याच जागेवरून निळ्या आकाशावर नुसत्या फांद्यांची रेघाटणी दिसते, कारण मेळघाटचं जंगल पानगळीचं आहे आणि उन्हाळ्यात साग जवळपास नागवा होतो. हा हौशी खेळ वाटेल, पण शास्त्रज्ञ हेच करतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये पाण्याखालच्या माशाला वरचं जग कसं दिसत असेल ते तपासायला पाणी भरलेला कॅमेरा बनवला आणि ‘फिशआय’ हे नाव रूढ झालं. १९२४ मध्ये ब्रिटनमधल्या रॉबिन हिल यांनी ढगांची नोंद ठेवण्यासाठी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत सगळं आकाश टिपणारी लेन्स रचली. १९५९ मध्ये इव्हान्स आणि कूंब या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तीच कल्पना जंगलात आणली. कॅमेरा जमिनीवर, तोंड वर, आणि फोटोत आकाशाचा भाग किती ते मोजून झाडांखाली किती उजेड पोचतो याचा अंदाज. जंगलाचं छत किती दाट आहे हे मोजायला आजही ही पद्धत वापरतात. सेमाडोहला येणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या विद्यार्थ्यानं एकाच सागाखाली दर महिन्याला असा एक फोटो काढला तर वर्षाअखेरी त्याच्याकडे पाहण्यासारखं काही तरी जमेल.

वाइड लेन्स बनवणं मुळात कठीण. १९०० साली जर्मनीत गोएर्झ कंपनीनं हायपरगॉन नावाची लेन्स आणली. तिचा कोन १३० अंशांहून जास्त होता. पण कडांना उजेड इतका कमी पोचायचा की लेन्ससमोर एक चांदणीच्या आकाराचा पत्र्याचा पंखा बसवलेला असे. एक्स्पोजर सुरू असताना रबरी फुगा दाबून तो फिरवायचा, म्हणजे मधला उजेड अडायचा आणि कडांना न्याय मिळायचा. पुढं आरसा असलेले एसएलआर कॅमेरे आले आणि नवी अडचण उभी राहिली. आरशाला हलायला जागा हवी, आणि आखूड लेन्स तर फिल्मच्या अगदी जवळ हवी. १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी दुर्बीण उलटी धरल्यासारखी रचना करून हा पेच सोडवला. आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांमुळे तो पेचच उरलेला नाही, त्यामुळे आजच्या बऱ्याच वाइड लेन्स हलक्या आणि खिशात मावतील अशा झाल्या आहेत.

मग प्राण्यांचं काय? आखूड लेन्सनं रानगवा काढायला निघालं तर तो मुंगीएवढा येणार, हे खरं. पण मुंगीएवढा येऊ द्यायला हरकत काय? धुळीचा रस्ता, दोन्हीकडे साग, वळणावर गव्यांचा कळप रस्ता ओलांडतोय, असा फोटो मेळघाटचा म्हणून ओळखू येतो. तोफेनं काढलेला गव्याचा चेहरा पेंचचा असू शकतो, कान्ह्याचाही. जिप्सीतून वाइड लावताना मात्र गाडीचा लोखंडी दांडा, गाइडची टोपी, शेजाऱ्याचं कोपर असा सगळा संसार फ्रेममध्ये शिरतो. पुढच्या सीटवरचा माणूस खाली वाकेल असं आधीच ठरवून घ्यावं लागतं. गाडीतून उतरायला मनाई असते, आणि ती योग्यच आहे.

वाघ वाइड लेन्सनं आणि तोही जवळून काढायचा तर कॅमेरा एकटा ठेवावा लागतो. ब्रिटिश काळात संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर बारीक तार लावली. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. १९२७ साली त्यांचं पुस्तक आलं तेव्हा रानातल्या वाघाचे असे रात्रीचे फोटो लोकांनी क्वचितच पाहिले होते. आज व्याघ्रगणनेत वनविभाग जे कॅमेरा ट्रॅप लावतो, ते त्याच कल्पनेचे वंशज. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात.

या प्रकारातलं मराठी मनाला जवळचं उदाहरण मुंबईतलं आहे. नयन खानोलकर यांनी आरे कॉलनीतल्या आदिवासी वस्तीच्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या टिपला. सेन्सरनं आपोआप चालणारा कॅमेरा, गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यासारखा वाटेल असा लावलेला फ्लॅश, आणि कित्येक महिन्यांची वाट. २०१६ मध्ये त्या फोटोला ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. फोटोतली जादू बिबट्यात जितकी आहे तितकीच त्या गल्लीत, भिंतींत, घरांत आहे. नुसत्या बिबट्याचे फोटो जगात लाखो असतील. व्याघ्र प्रकल्पात पर्यटकाला असा कॅमेरा लावून ठेवता येत नाही, त्याचा मोह धरू नये.

रात्र झाली की सेमाडोहला दुसरा कार्यक्रम सुरू होतो. शहराचा उजेड लांब असल्यानं अमावास्येच्या आसपास आकाश गच्च भरलेलं असतं, आणि पर्यटन संकुलाच्या आवारातूनच ते टिपता येतं. ताऱ्यांसाठी हौशी लोकांचा एक ढोबळ नियम आहे. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं. जेवढं उत्तर तेवढे सेकंद शटर उघडं ठेवलं तरी तारे ठिपकेच राहतात. २० च्या लेन्सला २५ सेकंद, ५० च्या लेन्सला फक्त १०. पृथ्वी फिरतेय हे लांब लेन्सला लवकर कळतं. एप्रिल-मेमध्ये आकाशगंगेचा दाट भाग उत्तररात्री दक्षिणेकडून वर येतो, तो या लेन्ससाठीच आहे. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवरच्या मचाणांवर रात्र काढण्याचा ‘निसर्गानुभव’ कार्यक्रम वनविभाग घेतो, तेव्हा चांदण्यात तारे विरून जातात. पण ट्रायपॉड असेल तर चंद्राच्या उजेडात जंगल दिवसासारखं उमटतं.

नवीन लेन्स घ्यायची घाई मात्र नको. आधी किट लेन्सचं १८ चं टोक किंवा फोनचं ०.५ चं बटण एक मोसमभर वापरावं. दुकानदार १० किंवा १२ मिलिमीटरची लेन्स दाखवतो तेव्हा पुढच्या काचेकडे पाहावं. ती फुगीर असेल तर तिला साधा फिल्टर बसत नाही आणि धुळीच्या सफारीत ओरखड्याची धास्ती राहते. पोलरायझर फिल्टर वाइडवर लावला तर निळं आकाश एका पट्ट्यात गडद आणि बाजूला फिकट येतं, तेव्हा तो पैसाही वाचतो.

आणि वाइड लेन्सची परीक्षा घ्यायची असेल तर वऱ्हाडातच बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्केच्या आघातानं झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं जवळपास गोल विवर. काठावर उभं राहून ते सगळं एका फोटोत बसवायचा प्रत्येकाचा हट्ट असतो, आणि तिथं शाळेतली भूमिती मध्ये येते. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. म्हणजे वर्तुळाच्या काठावर उभं राहून समोर पाहिलं तर डावी-उजवीकडे व्यासाची दोन टोकं पकडायला बरोबर ९० अंशांचा आडवा कोन लागतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर तो नेमका १८ मिलिमीटरच्या लेन्सला मिळतो, लहान सेन्सरवर १२ च्या लेन्सला. एवढं करूनही आपल्या बाजूचं अर्धं वर्तुळ बाहेरच राहतं. ते हवं असेल तर १८० अंशांची फिशआय लागेल, नाही तर कॅमेरा उभा धरून, जागा न सोडता, डावीकडून उजवीकडे एकमेकांवर थोडे चढणारे सात-आठ फोटो काढायचे आणि घरी जोडायचे. फोनचा पॅनोरमा हेच काम झटपट करतो, फक्त वारा असेल तर काठावरची झाडं जोडावर दोनदा उमटतात.